सात हजारांचा फोन घ्यावा की दहा हजारांचा?

धाडच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आजचा विषय मोबाइलचा, त्यातही स्वस्तातल्या स्मार्टफोनचा. हा विषय निघाला कर्जाच्या मागणीवरून. आमच्यात अंतर्गत कर्ज मागितलं जायचं ते शेळीला, शिलाई मशीनला, पेरणीच्या बियाण्याला, नाहीतर पोरांच्या फीला. यंदा एकाच बैठकीत चौघींनी फोनसाठी मागितलं.

मागणी रास्त होती. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा आधारला कोणाचा नंबर जोडलाय ते एकेकीला कळलं. कुणाला नवऱ्याचा, कुणाला दिराचा, तर कुणाला कधीच बंद पडलेला. एकीचा ओटीपी गेला पुण्याला कंपनीत कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर, आणि तो रात्रपाळीला. पैसे हिच्या नावाचे आणि चावी दुसऱ्याच्या खिशात, असा प्रकार. तेव्हा स्वतःचा फोन आणि स्वतःचा नंबर हवा, याबद्दल बैठकीत वाद झाला नाही. वाद झाला तो कुठला घ्यायचा यावर. दुकानदार सात हजारांचा दाखवतो, पोरं पंधराचा सांगतात.

मग असं ठरलं की ज्यांच्याकडे स्वस्तातले फोन आहेत त्यांनी ते पुढच्या बैठकीला आणायचे. सतरंजीवर नऊ फोन मांडले गेले, सात हजारांपासून अकरा हजारांपर्यंतचे. कंपन्यांची नावं आम्ही इथे घेत नाही. दुकानात दर सहा महिन्यांनी मॉडेल बदलतं, आज सांगितलेलं नाव उद्या मिळायचं नाही. काय पाहायचं ते मात्र बदलत नाही.

आधी रॅम आणि स्टोरेज, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. आमच्यातल्या एका ताईंनी सोपं करून सांगितलं. स्टोरेज म्हणजे घरातली कोठी आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठीत चार पोती धान्य मावेल, पण ओटा वीतभर असेल तर एका वेळी एकच पातेलं ठेवता येतं. दोन जीबी रॅमचा फोन असा असतो. पैसे पाठवायला यूपीआय उघडलं की मागचं व्हॉट्सॲप बंद पडतं, ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलं की यूपीआय पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. खोक्यावर 'चार अधिक चार जीबी' असं लिहिलेलं असतं, त्यालाही भुलू नका. त्यातले पहिले चार खरे. दुसरे चार म्हणजे कोठीतला कोपरा ओटा म्हणून वापरायचा. काम होतं, पण सावकाश.

हे नुसतं आमचं म्हणणं नाही. आपल्या राज्यातल्या अंगणवाडीताईंनी ते भोगलंय. २०१९ मध्ये त्यांना सरकारी कामासाठी स्मार्टफोन मिळाले, दोन जीबी रॅमचे. मिळाले तेव्हा कौतुकच झालं. पुढे मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. मुलांची वजनं, उंची, आहार, गरोदर मातांच्या नोंदी, सगळं त्यात भरायचं. फोन अडकायला लागले, तापायला लागले, त्यात ॲप इंग्रजीत. दुरुस्तीचा खर्च आमच्याच अंगावर पडतो, अशी ताईंची तक्रार होती. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मानधनावर काम करणाऱ्या बायांनी हातातला फोन परत करायचा, ही लहान गोष्ट नव्हती. आम्हाला त्यातून एवढं समजलं की घेतला त्या दिवशी फोन बरा चालतो यावर जाऊ नये. ॲप दरवर्षी फुगत जातात, फोनचा ओटा आहे तेवढाच राहतो.

म्हणून किंमत बघायची तर महिन्याची बघा. सात हजारांचा फोन दोन वर्षांत थकला, तर महिन्याला सुमारे २९२ रुपये पडले. दहा हजारांचा चार वर्षं चालला, तर सुमारे २०८. स्वस्त कुठला ते तुम्हीच बघा. मात्र दहाचा चार वर्षं चालेलच असं नाही, त्यासाठी विक्रेत्याला एक प्रश्न विचारायचा: याला अपडेट किती वर्षं येणार? अपडेट थांबले की बँकेचं ॲप एक दिवस 'तुमचा फोन जुना झाला' म्हणून सांगतं. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपनेही फार जुन्या अँड्रॉइडवर चालणं बंद केलं. चांगले धडधाकट दिसणारे फोन त्या दिवशी मुके झाले.

आता बॅटरी. यात स्वस्त फोन मुळीच कमी नाहीत. नऊपैकी सात फोनांत पाच हजार एमएएचची बॅटरी निघाली. आपल्याकडे लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, तेव्हा हा मोठा गुण. चार्जिंगला मात्र अडीच-तीन तास लागतात. आणि शेतात नेला की बॅटरी भराभर उतरते, ती का? टॉवर लांब असला, मध्ये टेकडी असली, की फोन टॉवरला गाठायला जास्त जोर लावतो. ओरडून बोलणारं माणूस लवकर थकतं, तसंच. शेतात पोचलात आणि फोनचं काम नसलं तर इंटरनेट बंद ठेवा, बराच फरक पडतो.

आणखी दोन गुण, ज्यांचं आम्हालाच नवल वाटलं. महागड्या फोनांतून इयरफोनचं भोक आणि मेमरी कार्डची जागा दोन्ही गेलीत. स्वस्तातल्या बहुतेकांत ती अजून आहेत. आत्ता आमचं हे बोलणं तुम्ही मोबाइलवरच्या एफएमवर ऐकत असाल, तर इयरफोनची वायर लावूनच ऐकत असाल, कारण तीच वायर अँटेनाचं काम करते. काही फोनांत एफएम बंद करून ठेवलेलं असतं. ते चालू ठेवा, असं केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये कंपन्यांना कळवलं होतं. दुकानात उभं राहूनच एफएम लावून बघा, म्हणजे पुढच्या भाषणाला गैरहजर राहायला नको.

दोष आता सांगतो. पहिला, उन्हात पडदा दिसत नाही. दुपारी बारा वाजता सगळे फोन अंगणात नेले. अकरा हजारांच्या दोन फोनांवर अक्षर वाचता आलं, बाकीच्यांवर आमचंच तोंड दिसत होतं. ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, तिच्यात पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. पडदा दिसला नाही, जागा नीट लागली नाही, तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही आणि नुकसानभरपाईच्या वेळी हेलपाटे सुरू होतात. म्हणून दुकानात दिव्याखाली फोन बघू नका, रस्त्यावर उन्हात आणा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान.

दुसरा दोष कॅमेऱ्याचा. पन्नास मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आम्ही प्रत्येक फोननं गटाच्या रजिस्टरच्या एकाच पानाचा फोटो काढला आणि मोठा करून बघितला. पाच फोनांत आकडे वाचता आले. चारांत ३ आणि ८ सारखेच दिसत होते. हिशोबाच्या वहीला एवढी चूक पुरेशी आहे! सेल्फी सगळ्यांचीच चांगली आली.

तिसरी गोष्ट खरं तर फोनचा दोष नाही. बोटाच्या ठशानं उघडणारा फोन घ्या, सुरक्षित असतो, असं सांगतात. पण निंदणी-खुरपणी करून, मिरचीचे देठ खुडून आमच्या बोटांच्या रेषा झिजल्यात. आधारच्या मशीनवर जे होतं तेच इथेही होतं. आमच्यातल्या पाच जणींचा ठसा धड लागला नाही. त्यापेक्षा सहा आकड्यांचा पिन ठेवा. यूपीआयचा पिन त्याहून वेगळा, आणि तो घरातल्या लेकरालाही माहीत नको. लेकरू गोड आहे, पण गेममधली तलवार पैशानं मिळते हे त्याला आपल्याआधी कळतं.

दुरुस्तीचं आधी विचारून ठेवा. काच फुटली तर डिस्प्ले केवढ्याला, आणि सर्व्हिस सेंटर बुलढाण्यात आहे की थेट संभाजीनगरला जावं लागेल? एका बाईचा फोन वॉरंटीत असूनही तिला तीन चकरा पडल्या. तीन दिवसांची मजुरी बुडाली ती वॉरंटीत धरत नाहीत.

हप्त्याचंही बोलू. दुकानात 'शून्य व्याज' लिहिलेलं असतं. तिथे फाइल चार्ज किती, विमा जोडलाय का, सगळे हप्ते मिळून बेरीज किती, हे कागदावर लिहून मागा. हप्ता चुकला की काही ठिकाणी फोनच कुलूपबंद होतो, आणि नेमका ओटीपी त्याच फोनवर येणार असतो. आमच्या गटात दहा हजार दोन टक्क्यांनी, दहा महिन्यांत दर महिन्याला हजार फेडले, तर उरत्या रकमेवर व्याज एकूण अकराशे होतं. ते अकराशे गटातच राहतात.

एका म्हाताऱ्या मावशींनी विचारलं, मला बोलायला आणि ओटीपीला फोन पाहिजे, मी दहा हजार कशाला घालू? बरोबर आहे. त्यांना बटणाचा फोन पुरे. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केलंय, त्यात फोन करून पैसे पाठवता येतात. नंबर मात्र स्वतःच्या नावावर हवा आणि रिचार्ज चालू हवा. तीन महिने वापर नसला तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो, आणि मग आपला ओटीपी कोण वाचेल ते देव जाणे.

शेवटी चौघींचं कर्ज मंजूर झालं. अटी अशा: रॅम चार जीबीपेक्षा आणि स्टोरेज चौसष्टपेक्षा कमी नको, पक्कं जीएसटी बिल बाईच्याच नावाचं, आणि सिम तिचं. एकीनं सांगितलं की बिल मुलाच्या नावावर करायचं घरात ठरलंय. तिचं कर्ज आम्ही अडवलं नाही, पण पुढच्या बैठकीपर्यंत थांबायला सांगितलं. घरी बोलायला ती आमच्यापैकी दोघींना सोबत बोलावतेय, जाणार आहोत.

जुना फोन घेणार असाल, तर पैसे देण्याआधी त्यावर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. मेसेजमध्ये के, वाय, एम ही इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो नंबर लिहा आणि १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं. नवा घेतला तरी हाच नंबर गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार द्यायची, आणि मग संचार साथीवर तो बंद करायला हाच नंबर मागतात. पैशांची फसवणूक झाली तर १९३०, तेही त्याच पानावर.