सहज म्हणून विमानात



समजा, आपल्या भंडाऱ्याचा एखादा माणूस शनिवारी सकाळी नागपुरास गेला, तिथून विमानाने कोलकात्याला उतरला, रात्र तिथे काढली आणि रविवारी विमानानेच परत आला. शेजाऱ्याने विचारले, “काहून गेला होतास बापा? लग्न होतं, का दवाखान्याचं काम?” आणि हा म्हणाला, “काम काहीच नव्हतं. विमानात बसायचं होतं, म्हणून गेलो होतो.” शेजारी काय म्हणेल, ते मी सांगायला नको. “पैसा जास्त झाला वाटते,” एवढे तरी तो म्हणेलच.

पण जरा थांबा. हाच शेजारी शंकरपट पाहायला वीस कोस जातो की नाही? पटावर जोडी सुटते, काही क्षणांत पल्ला संपतो. त्या धावण्याने एक बांधीही नांगरली जात नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, झाडीपट्टीचे नाटक उजाडेपर्यंत चालते, आणि आपण थंडीत घोंगडी पांघरून शेवटच्या प्रवेशापर्यंत बसतो. त्यातून काय मिळाले, असे कोणी विचारीत नाही. हौस हा आपल्याला परका शब्द नाही. मग ती हौस आकाशाची असली, तर ती वाया गेली असे का समजावे?

आपल्या देशात विमान आले ते पुष्कळसे हौशी माणसांच्या पाठीवर बसूनच आले. जे. आर. डी. टाटांचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला आणि त्यावर क्रमांक होता १. पुढे आगाखानांनी बक्षीस लावले : इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर जो भारतीय एकट्याने विमान चालवून प्रथम पार करील, त्याला पाचशे पौंड. टाटा कराचीहून निघाले आणि अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळ्या वयाचा तरुण इंग्लंडहून निघाला. वाटेत मिसर देशात अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनिअर अडकून पडला होता, कारण त्याच्याजवळ इंजिनाचे जादा प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. शर्यत चालू असताना दिले, बरे का! इंजिनिअर आधी पोचला आणि बक्षीस त्याने जिंकले. हाच तरुण पुढे १९६० साली भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला. हौशीमध्ये एक मोठेपण असते ते असे. तिथे दुसऱ्याला पाडण्यापेक्षा उडण्याचा आनंद मोठा असतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी याच टाटांनी एका चिमुकल्या एक-इंजिनी विमानातून कराचीहून मुंबईस टपाल आणले. वाटेत अहमदाबादला विमानाचे पेट्रोल आले ते बैलगाडीतून! पाहा, आपल्या देशातल्या विमानाने पहिली पावले टाकली ती बैलांच्या सोबतीने. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी तेच अंतर पुन्हा तशाच जुन्या विमानाने एकट्याने पार केले. तेव्हा टपालाची निकड नव्हती, बक्षीसही नव्हते. तरुणांना थोडी उमेद यावी आणि स्वतःला उडता यावे, एवढेच.

तुम्ही म्हणाल, ही मोठ्या घरची गोष्ट झाली. आमच्या पूर्व विदर्भाचा आकाशाशी काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला जुना आहे. नकाशावर मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही चार शहरे घ्या आणि समोरासमोरची शहरे रेघेने जोडा. दोन्ही रेघा नागपूरच्या आसपास एकमेकींना छेदतात. म्हणूनच १९४९ साली रात्रीच्या टपालाची विमाने सुरू झाली, तेव्हा चारही शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, उतारूही बदलत, आणि उजाडायच्या आत प्रत्येक विमान आपल्या शहरी परत जाई. सारा देश झोपेत असताना त्याची पत्रे नागपुरात गाडी बदलीत होती.

आणखी जवळचे सांगतो. गोंदियाजवळ कामठ्याच्या बाजूला बिरसी गाव आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली. युद्ध संपले आणि ती पुष्कळ वर्षे जवळजवळ मुकी पडून राहिली. २००५ साली ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली, पुढे ती वाढवली गेली आणि वैमानिक तयार करणारी संस्था तिथे उभी राहिली. तिकडच्या खेड्यांत रोवणी करणाऱ्या बायांच्या डोक्यावरून शिकाऊ मुलामुलींची छोटी विमाने घोंगावत जाऊ लागली. मार्च २०२२ मध्ये बिरसीहून इंदूर आणि हैदराबादकडे उतारूंचे विमान सुरू झाले. ते काही महिन्यांत बंद पडले. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीने हैदराबाद-तिरुपतीकडची सेवा सुरू केली. लहान विमानतळाचे असेच असते. उतारू मिळाले तर विमान टिकते. म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रकाची चौकशी अवश्य करावी. आणि एक गोष्ट विसरू नये : धावपट्टी आकाशात बांधता येत नाही. तिच्यासाठी कोणाची तरी बांधी जाते, कोणाचे घर उठते. आपण हौसेने उडतो तेव्हा त्या जमिनीचे मोलही आपल्या ध्यानात असले पाहिजे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. काम नसताना विमानात बसून मिळते काय?

कामाने जाणारा माणूस विमानात बसला, की डोळे मिटतो. त्याचे चित्त पोचण्यात गुंतलेले असते. हौसेने जाणारा मात्र खिडकी सोडीत नाही. नागपूरहून कोलकात्याकडे निघालेले विमान पूर्वेला वळले, की थोड्याच मिनिटांत त्याच्याखाली आपलाच जिल्हा येतो. ज्या रस्त्याला मोटारीने तास-दीड तास लागतो, तो दहा मिनिटांत मागे पडतो. उजव्या हाताची खिडकी घ्या. आकाश निवळ असेल, तर खाली वैनगंगा चंदेरी पट्ट्यासारखी वळणे घेत पवनीकडे जाताना दिसेल आणि त्या बाजूला गोसीखुर्दच्या धरणाचे पाणी. १९८८ साली त्या धरणाची पायाभरणी झाली. त्याची भिंत अकरा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. तिच्यावरून चालणाऱ्याला तिचा शेवट दिसत नाही; वरून ती काडीएवढी दिसते.

पण खरे पाहायचे आहेत ते आपले तलाव. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा, हे शाळेत आपण पाठ केले आहे. पाठ करणे वेगळे, पाहणे वेगळे. जमिनीवर आपल्याला आपल्या गावचा तलाव दिसतो, आपली बोडी दिसते. शेजारच्या गावचा तलाव आपला वाटत नाही. वरून पाहिले म्हणजे कळते, की ही एक माळ आहे. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देतो, तो त्याच्या खालच्या बोडीला, आणि बोडी धानाच्या बांध्यांना. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी हे तलाव बांधले. त्यांच्याजवळ विमान नव्हते. पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, ते पायांनी चालून आणि डोळ्यांनी पारखून त्यांनी पाळी घातल्या. विमानातून जे आपल्याला एका दृष्टीत दिसते, ते त्यांनी मनात पाहिले होते. केवढी ही दृष्टी!

आणि वरून आणखी काही दिसते. काही तलाव पाण्याने चमकतात, तर काही ठिकाणी नुसती हिरवी-तपकिरी खूण उरलेली असते. तिथे गाळ साचला आहे, झुडपे माजली आहेत, पाळीच्या आत शेते शिरली आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. हक्क बदलले, पण सांडव्याची आणि पाटाची वर्षाला होणारी डागडुजी पुष्कळ ठिकाणी कोणाचीच राहिली नाही. एक तलाव बुजला, की त्याच्याखालचे चार तहानतात. हे कागदावर वाचले तर आपण मान हलवतो आणि विसरतो. खिडकीतून एकदा पाहिले, की विसरता येत नाही. सहज म्हणून गेलेला माणूस असे काही घेऊन येतो. आपला गाव केवढा लहान आहे आणि तरी तो इतरांशी कसा बांधलेला आहे, हे त्याला उमगते.

गुरुजनहो, आता दोन शब्द खास तुमच्यासाठी. मुलांना विमानाचे वेड असतेच. ते वेड वर्गात वापरा. कागदाची लांब पट्टी खालच्या ओठापाशी धरून तिच्या वरून फुंकर घालायला सांगा. लोंबणारी पट्टी वर उचलली जाते. फुंकरीची हवा पट्टीच्या वळणाला धरून खाली वळते आणि पट्टी वर ओढली जाते. विमानाचा पंखही असाच हवेला खाली लोटतो आणि हवा पंखाला वर लोटते. पंखावरचा दाब कमी होतो आणि खालचा जास्त राहतो. पंखाच्या वरची आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचली पाहिजे, असे काही पुस्तकांत लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. वरची हवा आधीच पुढे निघून जाते.

भूगोलही तिथेच शिकवता येतो. दर किलोमीटर उंचीला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होत जाते. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा निम्मा असतो. म्हणूनच विमानाच्या आत हवा दाबून भरावी लागते, आणि चढता-उतरताना आपल्या कानांत दडे बसतात. त्यावर साधा उपाय आहे : लाळ गिळावी किंवा गोळी चघळावी. आणि मुलींना हे अवश्य सांगा, की मे २०१९ मध्ये आरोही पंडित या मुंबईच्या तरुणीने अवघ्या काही मणांच्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर पार केला. अशा विमानातून एकटीने तो सागर ओलांडणारी ती जगातली पहिली स्त्री.

ज्यांना खरोखर जायचे आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे. तेव्हा हवा धुतलेली असते आणि तलाव भरलेले असतात. दिवसाचे विमान घ्यावे आणि खिडकी मागून घ्यावी. ती पंखावर येणार नाही असे पाहावे. परतताना डावी खिडकी, म्हणजे आपला जिल्हा पुन्हा भेटेल. ओळखपत्र जवळ असू द्यावे आणि दोन तास आधी पोचावे. आणि हो, पानसुपारीचा अडकित्ता खिशात ठेवू नका. तपासणीत तो काढून घेतील आणि आजोबांच्या वेळची वस्तू हकनाक जाईल.

खर्चाचे म्हणाल, तर तो आहे. चार-सहा महिने आधी तिकीट काढले तर पुष्कळदा कमी पडतो, तरी हजारांत जातोच. कर्ज काढून कोणी जाऊ नये. पण आपल्याकडे बारशाला, मांडवाला, वाजंत्र्यांना किती उधळले जाते, त्याचा हिशेब एकदा करून पाहा. त्यातला एक वाटा बाजूला ठेवून घरातल्या म्हाताऱ्या आईला किंवा दहावी झालेल्या पोरीला एकदा वर नेऊन आणले, तर तो पैसा पाण्यात गेला असे मला वाटत नाही. गावाने मिळून दरवर्षी एका हुशार मुलाला पाठवले, तरी चालेल. अट एकच घालावी : परत आल्यावर त्याने शाळेच्या फळ्यावर वरून पाहिलेल्या आपल्या मुलुखाचा नकाशा काढावा. नदी कुठे, पाळ कुठे, कोणता तलाव भरलेला आणि कोणता बुजलेला, ते सर्वांना दाखवावे. मग ग्रामसभेत गाळ काढण्याचा विषय निघेल, तेव्हा बोलायला एक डोळस साक्षीदार तरी असेल.

आपले पोर विमानाचा आवाज ऐकून अंगणात धावत येते आणि दिसेनासे होईपर्यंत मान वर करून पाहत राहते. “काय पाहून राहिला रे? चल, कामाला लाग,” असे म्हणून आपण त्याला आत बोलावतो. यापुढे तसे करू नका. त्याच्या शेजारी उभे राहा आणि आपणही पाहा. आकाश मोठ्या शहरांच्या मालकीचे नाही. ते लाखनी-साकोलीवरही तेवढेच पसरले आहे, आणि त्यात एकदा सहज म्हणून जाऊन येण्याचा हक्क आपल्या पोरांनाही आहे.