मूठ आणि माप



संध्याकाळच्या धारेची वेळ कुठल्याही अध्यक्षासाठी थांबत नाही, हे मी जाणतो. तेव्हा थेट विषयाकडे येतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी गोव्यात इब्रामपूरच्या वाटेवर एका गोठ्यात गेलो होतो. गाय नुकती व्यालेली. घरच्या काकी चुलीवर पेज शिजवत होत्या. तिच्यात गूळ, सुंठ, ओवा, शेपू आणि मेथी. मी विचारले, "मेथी किती घालता?" त्यांनी मूठ उघडून दाखवली, "एवढी." दुसऱ्या दिवशी मी तराजू घेऊन गेलो. काकींची मूठ भरली 40 ग्रॅम, सुनेची 25. काकी हसल्या. "डॉक्टर, पावसात मी थोडी जास्तच घालते. सर्दावलेली मेथी हाताला जड लागते, पण तिच्यात जोर नसतो."

आजचे माझे सगळे म्हणणे त्या दोन मुठींत आहे. काकींचे ज्ञान खरे होते. पण त्याचे माप त्यांच्या हातातच होते. सुनेकडे वस्तू पोचली, माप पोचले नाही.

वनस्पती लिहून ठेवण्याची चाल गोव्याला नवी नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. आज पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी आहे. माणसांच्या औषधाची वही अशी भरत गेली, गोठ्याची मात्र कोरीच राहिली.

त्या वहीची गरज आताच का पडली? आपली देशी श्वेतकपिला गाय सड्यावर, रानात चरायची. दहा झाडांचा पाला तोडायची, कडू-तुरट आपले आपण निवडायची. डिचोलीचे डोंगर खाणींनी पोखरले. 2018 मध्ये खाणी थांबल्या, तरी गेलेली कुरणे परतली नाहीत. मोपाच्या सड्यावर विमाने उतरू लागली. आता गोठ्यात जर्सी किंवा होल्स्टीनची संकरित गाय उभी असते, आणि आपण गव्हाणीत टाकू तेवढेच तिचे रान.

दुसरे कारण बाहेरचे आहे. वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देण्यावर युरोपीय संघाने 2006 पासून बंदी घातली. आपल्याकडे 2019 मध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देणे बंद झाले. त्या रिकाम्या जागी वनस्पतींचे अर्क आले. शतावरी आणि जीवंती दुधासाठी, ओवा-लसूण पचनासाठी, रिठ्यासारखी फेसाळ द्रव्ये पोटातल्या वायूसाठी. दुकानात पुड्यांची रांग लागली.

पण अर्क करतो काय? गाय चारा पचवते ती कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर. तिथे तयार होणारा मिथेन ढेकरेवाटे बाहेर पडतो आणि खाल्लेल्या ऊर्जेतला 2 ते 12 टक्के वाटा घेऊन जातो. टॅनिनयुक्त वनस्पतींपासून बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' हे पूरक खाद्य तयार केले. त्याने मिथेन 17 ते 20 टक्क्यांनी घटतो, असे संस्थेचे निष्कर्ष आहेत.

टॅनिन म्हणजे काय, हे डिचोलीकराला पुस्तकातून शिकायला नको. काजूचा बोंडू चावला की घसा आवळतो, ते टॅनिन. लाळेतल्या प्रथिनाला ते धरते. कोठीपोटातही तेच करते: पेंडीतले प्रथिन धरून ठेवते आणि पुढच्या आम्लधर्मी पोटात सोडते. प्रथिन वाया न जाता गाईला मिळते. मात्र जिच्या गव्हाणीत नुसता भाताचा पेंढा आहे, तिचे होते-नव्हते प्रथिनही टॅनिनने अडवले, तर सूक्ष्मजीवांनी खायचे काय? भुकेल्या गाईला अर्क देणे म्हणजे उपाशी माणसाला पाचक चूर्ण देणे. आधी हिरवा चारा, पेंड, खनिज मिश्रण आणि पोटभर पाणी. अर्काचा नंबर त्यानंतर.

बोंडूचा विषय निघालाच आहे. त्याचा रस, म्हणजे नीरो, काढून घेतल्यावर उरलेला चोथा भाटाच्या, म्हणजे बागेच्या, कडेला कुजत पडतो. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने हाच चोथा वाळवून दुभत्या गाईंच्या खाद्यात वापरण्यावर काम केले आहे. आपल्या दारातले टॅनिन ते हेच. अट एकच, वाळवण. ओला चोथा दिवसभरात आंबतो. तो ढिगाने खाल्लेली गाय झिंगते, पोट बिघडते. अर्धवट सुकलेल्या चोथ्यावर पावसाळ्यात बुरशी चढते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन दुधात उतरते. गोव्याच्या हवेत 'नैसर्गिक' शब्दालाही बुरशी लागते, मंडळी.

माप लिहिले की काय होते, याचा एक दाखला देतो. कासदाहावर कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम असा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गावोगाव पोचवला. तो कासेला लावायचा, खायला घालायचा नाही. तिन्ही जिन्नस आजीच्या काळातलेच. आकडे जोडले म्हणून तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाऊ शकला.

आता माझीही एक चूक कबूल करतो. एका पुडीने दीड लिटर दूध वाढले, असे मी एकदा भर सभेत सांगितले होते. पुढे कळले, त्याच आठवड्यात मालकाने सरकी पेंड सुरू केली होती. श्रेय पुडीला मिळाले, काम पेंडीने केले.

म्हणून परिषदेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली: प्रत्येक सोसायटीत एक छोटा तराजू आणि एक वही असावी. सारख्या वेताच्या, साधारण एकाच सुमारास व्यालेल्या दोन गाई घ्या. एकीला तीन आठवडे वनस्पती द्या, दुसरीला देऊ नका. मग उलट करा. बाकी खाद्य बदलू नका. दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घनांश) रोज लिहा आणि पुडीची किंमत वाढलेल्या दुधाच्या पैशातून वजा करा. दुसरी: मार्च ते मे या हंगामात चोथा वाळवायला गावागावांत सामाईक खळे हवे. तिसरी: विकत मिळणाऱ्या पुडीवर वनस्पतीचे नाव, तिचा भाग आणि वजन छापलेले नसेल, तर ती घेऊ नका. आणि घरचीच वनस्पती वापरायची, तर शतावरी रानातून उपटू नका, बांधावर लावा.

गोव्याला लागणारे बरेचसे दूध आजही बाहेरून येते. हे येणे कमी व्हायचे, तर इथल्या गोठ्यातला रुपया वाचला पाहिजे, आणि तो वाचला की गेला हे वहीच सांगेल.

आज घरी गेल्यावर एवढे करा. आईला, सासूला, काकीला मेथीची मूठ भरायला सांगा, ती तराजूवर रिकामी करा, आणि आकडा त्यांच्या नावासह वहीच्या पहिल्या पानावर लिहा.