पिंपरीच्या मातीतलं औषध

वरठीहून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. रोवणीचे दिवस आहेत. दिवसभर बांधीत चिखलात उभं राहिलं की रात्री बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांची खाज सुटते. ती बहुधा बुरशीची असते. आज बुरशीवरच्याच एका औषधाची गोष्ट सांगतो.

पहिला पाऊस पडला की मातीला वास सुटतो ना? त्यामागे स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जिवाणू असतात. शेजारच्या जंतूंना मारणारी द्रव्यंही हेच सोडतात. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, पेनिसिलिन बनवायला. तिथले डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सोबत्यांना पिंपरीच्याच मातीत असा एक जिवाणू सापडला. नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. गावाचं नाव जंतूला! औषधाचं नाव हॅमायसिन, १९६१ साली ते जगापुढे आलं.

असं औषध शोधतात कसं? माती पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हापुन्हा पातळ करायचं आणि जंतूंचं खाद्य घातलेल्या काचेच्या बशीत पसरायचं. जंतूंचे ठिपके वाढले की एकेक वेगळा काढून बुरशीशेजारी ठेवायचा. ठिपक्याभोवती बुरशी उगवली नाही, तर तिथं काहीतरी आहे. खरी मेहनत पुढे. ते द्रव्य वेगळं काढायचं. कोणत्या बुरशीवर चालतं, किती मात्रेत, प्राण्यांना विषारी तर नाही, आधी सापडलेलंच तर नाही, सगळं तपासायचं. हॅमायसिन बुरशीच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. जिवाणूंचं आवरण निराळं, म्हणून त्यांच्यावर ते चालत नाही.

इथंच आमच्यातली एक जण फसली. अंगावरून दह्यासारखं पांढरं जात होतं, खाजही होती. नवऱ्याच्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या घरात होत्या, त्याच तिनं घेतल्या. खाज आणखी वाढली. त्या गोळ्या जिवाणू मारणाऱ्या. त्यांनी आतली राखण करणारे चांगले जिवाणूही मेले आणि बुरशीला रान मोकळं झालं. लाजेपायी पंधरा दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. शेवटी डॉक्टरबाईंनी बुरशीचं औषध दिलं, तेव्हा उतार पडला.

पांढरं जाण्याची कारणं पुष्कळ असतात. खाज आहे का, वास येतो का, आधी कोणती गोळी घेतली, हे आरोग्य केंद्रात सांगा. एकटीला जायला लाज वाटत असेल तर गटात कुणाच्याही कानावर घाला, आमच्यातली एक जण सोबत येईल.