सुया

आमच्या कवठे महांकाळात पाणी कसं आहे, असं कुणी विचारत नाही. मिळालं की झालं. त्यामुळे ‘आंघोळ केली की अंगाला सुया टोचतात’ असं अब्बा म्हणू लागले, तेव्हा आम्ही बोअरच्या खाऱ्या पाण्याला दोष दिला. साबण बदलला, कडुनिंब उकळला, मलमं झाली. अंगावर पुरळ मात्र एकही नाही. एका डॉक्टरांनी ‘वय झालं की असं वाटतं’ म्हणून बोळवण केली. पुढे अब्बा वजू करायलाही कचरू लागले. आणि मी, कवी असून, त्यांच्या ‘सुयां’ना उपमा समजत राहिलो!

अखेर मिरजेला साधी रक्ततपासणी झाली. हिमोग्लोबिन १९! चेहऱ्यावरची लाली आम्ही चांगली तब्येत समजत होतो. आजार निघाला पॉलिसायथेमिया व्हेरा. यात अस्थिमज्जा तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार करते, रक्त दाट होतं, गुठळीचा धोका वाढतो. पाणी लागल्यावरची खाज हे त्याचंच लक्षण. जॅक-२ जनुकातला बदल यामागे असतो, हे २००५ साली उमगलं. सुमारे ९५ टक्के रुग्णांत तो सापडतो. सहसा तो वारशाने येत नाही, हे मी आधी विचारून घेतलं, लपवत नाही.

उपाय म्हणजे ठरावीक काळाने रक्त काढणं, हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांच्या खाली ठेवणं आणि अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी. अम्मीला पटेना. “लोकांना रक्त मिळत नाही, आणि तुम्ही काढून टाकताय?”

खाज पुरती गेलेली नाही. आंघोळीनंतर अब्बा पंच्याने अंग हलकेच टिपत बसतात आणि मला ऐकवतात, “सुयाच म्हणालो होतो मी.”