पंचायतीची खरेदी आपल्या मुलांना कळू दे
(अणशी येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आज आम्ही एक कबुली देऊन सुरुवात करणार आहोत. काही वर्षांपूर्वी एका ग्रामसभेत आम्ही सौरदिव्यांवरून बराच आरडाओरडा केला. बाजारातला दिवा पंचायतीने दुप्पट भावाने घेतला, पैसे खाल्ले, असे भर सभेत बोललो. फाईल पुढे आली. ती कन्नडमध्ये होती. आमच्यापैकी एकालाही धड वाचता येईना. आम्ही गप्प बसलो.

पुढे बी.कॉम.ला शिकणाऱ्या एका मुलीने ती वाचून दाखवली. दरात खांब, बॅटरी, घाटातून आणण्याचे भाडे आणि पाच वर्षांची देखभाल धरलेली होती. म्हणजे आमचा आरोप चुकला होता. पण त्याच कागदातून दुसरी गोष्ट निघाली. निम्मे दिवे वर्षभर बंद होते, देखभालीची मुदत चालू होती, आणि तरी पुरवठादाराला एक पत्रही कोणी लिहिले नव्हते. खरा प्रश्न तो होता, आणि तो आम्ही विचारलाच नव्हता.

म्हणून आज आमची मागणी साधी आहे. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना सुटीतले दोन महिने पंचायतीच्या खरेदीचे काम शिकायला मिळावे. अंदाजपत्रक कसे होते, कोटेशन कोणाकडून मागवतात, टेंडर केव्हा काढावे लागते, माल आला की साठा नोंदवहीत कोण चढवतो, मोजमाप पुस्तकात काय लिहितात आणि बिल कोणत्या सहीने निघते, हे त्यांनी जवळून पाहावे.

ही कल्पना नवी नाही. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये ‘ट्युलिप’ योजना सुरू केली आणि पदवीधरांना नगरपालिका, महानगरपालिकांत प्रशिक्षणार्थी म्हणून जाण्याची वाट केली. ती शहरांसाठी होती. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय व पदविकावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन, सुरुवातीची मुदत सहा महिने. मुदत संपत आल्यावर ‘आता पुढे काय?’ म्हणून मुले रस्त्यावर आली. त्यातून आपण एक धडा घ्यावा. हे शिक्षण आहे, नोकरीचे आश्वासन नव्हे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

कायदा आपल्या बाजूने आहे. कर्नाटकात सार्वजनिक खरेदीत पारदर्शकता आणणारा १९९९ चा कायदा आहे. ठराविक रकमेवरची खरेदी टेंडरशिवाय करता येत नाही. एकच काम तीन तुकड्यांत मोडून मर्यादेखाली आणले, तर तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की ते दिसते. तीन कोटेशने एकाच हस्ताक्षरात असली, तर तेही दिसते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तर कामाची पाहणी करण्याचा, नोंदी उतरवून घेण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क दिला आहे. हक्क आहे, पण तो वापरणारा माणूस आपल्याकडे नाही.

आणि अणशीत हे ज्ञान जास्तच लागते. १९८७ पासून इथे राष्ट्रीय उद्यान आहे, आता आपण काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. जंगलातल्या कामाला वनखात्याची परवानगी लागते. वाळू, सिमेंट, पाइप घाट चढून येतात, पावसाळ्यात दरड कोसळली की तेही थांबते. त्यामुळे इथला दर कारवारच्या दरापेक्षा चढाच असणार. चढ्या दरातला भाड्याचा भाग किती आणि उगाच फुगवलेला किती, हे ओळखणारा माणूस गावातलाच हवा.

आता आपल्या लोकांना न आवडणारी गोष्ट. मराठी शाळा टिकावी, मराठीत कागद मिळावेत, ही मागणी आम्ही सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण पंचायतीचे दप्तर कन्नडमध्ये आहे. ते वाचता येत नाही म्हणून आपण गप्प बसलो, तर नुकसान आपलेच. कन्नड शिकल्याने मराठी बुडत नाही. घरात मराठी-कोंकणी बोलणारी मुलगी कन्नड फाईल वाचून सभेत मराठीत समजावून सांगते, तेव्हा आपल्या भाषेचा मान वाढतोच.

पंचायतीच्या सदस्यांनाही एक शब्द. या मुलांना पोलीस समजू नका. फुकटचा कारकूनही समजू नका. त्यांना सही करायला लावू नका, पैशाला हात लावू देऊ नका. अध्यक्षांच्या किंवा सदस्यांच्या नात्यातली मुले घेऊ नका. शेवटी त्यांनी पाहिलेले दोन पानांत लिहून ग्रामसभेत वाचावे, एवढीच अट ठेवा. काम स्वच्छ असेल तर ती दोन पाने तुमचीच बाजू मांडतील.

येत्या ग्रामसभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. पालकहो, तुम्ही हात वर करा. मुलांनो, तुम्ही नाव द्या. ‘पैसे खाल्ले’ हे ओरडून सांगणारे गावात पुष्कळ आहेत, त्यात आम्हीही होतो. कागद हातात घेऊन ‘हे असे का?’ म्हणून विचारणारी चार मुले आपल्याला हवी आहेत.

जय हिंद, जय भारत.