गोळी सुटल्यानंतर



जनाबाईच्या गावात, गोदेच्या काठी, वसंतातल्या प्रसन्न संध्याकाळी बंदुकीचा विषय कशाला, असे पुष्कळांच्या मनात आले असेल. पण आपल्याकडे बंदूक कोणाच्या खांद्यावर दिसते ते पाहा. बँकेच्या दारातील किंवा गोदामावरील रखवालदाराच्या. माल दुसऱ्याचा, पुष्कळदा बंदूकही दुसऱ्याची. चापावरचे बोट तेवढे त्याचे स्वतःचे. कामावर घेताना त्याला बंदूक धरता येते का, एवढे विचारतात. ती चालवल्यानंतर काय करायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. मी वकील नव्हे. कामगारांच्या तंट्यांपायी कायद्याची पुस्तके वाचत आलो, एवढेच माझे शिक्षण.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. मरणाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नव्हे. मालाच्या रक्षणासाठीही दरोडा, रात्रीची घरफोडी, जाळपोळ अशा मोजक्या प्रसंगी ही मुभा आहे. मात्र पोते टाकून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालण्याची मुभा कोणत्याही कलमात नाही. भीती संपली की तो हक्कही संपला. म्हणून हल्लेखोर पडला किंवा पळाला की बोट चापावरून काढायचे, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट, ११२ क्रमांकावर स्वतः खबर द्यावी आणि जखमीसाठी रुग्णवाहिका मागवावी, मग तो दरोडेखोर का असेना. पळून जाऊ नये. पडलेली काडतुसे, काठी, कुऱ्हाड, रक्ताचे डाग यांना हात लावू नये; बंदूक पुसू नये, धुऊ नये. तुमच्या बाजूने बोलणारे साक्षीदार पुष्कळदा हेच असतात.

मुंबईचा नानावटी खटला आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाच्या कमांडर नानावटींनी प्रेम आहुजा यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या आणि ते आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांचा बचाव स्वसंरक्षणाचा नव्हता; झटापटीत रिव्हॉल्व्हर उडाले, असा होता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, पण उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कशावरून? इतर पुराव्याबरोबर दोन बारीक गोष्टी होत्या. मृताच्या अंगावरचा टॉवेल जागचा हलला नव्हता. मग झटापट कसली? आणि खाली उतरताना इमारतीच्या रखवालदाराशी नानावटी जे बोलले, त्यात अपघाताचा शब्द नव्हता. कमांडरच्या बचावापुढे एका रखवालदाराची साक्ष टिकली, याचे मला, खरे सांगतो, आजही समाधान वाटते! पण त्यातला व्यवहार असा: पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, शेजाऱ्याजवळ, मुकादमाजवळ बोललेले मात्र चालते. तेव्हा जमलेल्या गर्दीपुढे शौर्याची कथा सांगत बसू नये.

मग मुके व्हावे काय? नाही. हल्ला झाला, कोणी केला, हत्यार कुठे पडले, कोणी पाहिले, एवढे पोलिसांना लगेच आणि खरे सांगावे. बाकीचे वकिलाशी बोलून. तो हक्क राज्यघटनेच्या २२व्या कलमाने दिला आहे, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती २०व्या कलमाने मना केली आहे. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर देणाऱ्याची सही घ्यायची नसते, फिर्यादीवर घेतात. हा फरक पुष्कळांना ठाऊक नसतो.

स्वसंरक्षण होते हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. पण तो सरकारी पक्षाइतका जड नाही. संभव पटवला की पुरे. पंजाबातील दर्शनसिंग खटल्यात बापावर गंडाशाचा वार झाल्यावर मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सोडले. जिवावर बेतलेल्या माणसाचा प्रतिकार सोन्याच्या ताजव्यात तोलायचा नसतो, ही न्यायालयाची दृष्टी. हे ऐकून मात्र कोणी हुरळू नये. त्या घरावर १९९१ पासून एकोणीस वर्षे खटल्याची टांगती तलवार होती.

शेवटी मालकाविषयी. अशा रात्री व्यवस्थापक बहुधा पोलिसांच्या आधी पोचतो, आणि कधी तयार कागदही आणतो, ‘रखवालदाराने आपल्या जबाबदारीवर गोळी झाडली’ असा. एका जिनिंगच्या रखवालदारापुढे आलेला असा कागद मी स्वतः वाचला आहे. त्याने सही केली नाही, म्हणून पुढे मालकाला त्याच्या वकिलाचा खर्च द्यावा लागला. न वाचता कशावरही सही करू नका. बंदूक मालकाच्या परवान्यावर असेल, तर त्यात तुमचे नाव नोंदले आहे का, हे कामावर रुजू होतानाच पाहा. नसेल, तर गोळी रास्त असली तरी शस्त्र कायद्याचा खटला निराळा उभा राहतो. आणि वकिलाला पैसे नसतील, तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. १९८७च्या कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही वकील फुकट मिळतो. कोठडीतून अर्ज कसा लिहायचा, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावे. मी नमुना बरोबर आणला आहे.