होडीतले ओझे आणि मुके सोबती

काटेवाडीच्या माणसाला ओझे कसे बांधावे हे कोणी शिकवायला नको. कडब्याच्या पेंढ्या असोत की उसाचे वाढे, गाडी हलली तरी ओझे हलत नाही. पण पाण्यावर नुसते घट्ट बांधून भागत नाही. काय बांधावे आणि काय मोकळे ठेवावे, हेही ठरवावे लागते.

इंदापूर तालुक्याच्या कडेला भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी पसरले आहे. हे धरण 1980 साली पूर्ण झाले आणि इंदापूर व करमाळा या शेजाऱ्यांच्या मध्ये पाणी आले. रस्त्याचा मोठा वळसा वाचावा म्हणून लोक होडीने जाऊ लागले. बरोबर दुचाकी असते, पोते असते, कधी शेळी किंवा कुत्रा असतो. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. ती होडी वाऱ्याने उलटली हे खरे. पण आधीच डगमगणाऱ्या होडीला वारा अधिक लवकर पाडतो, हेही तितकेच खरे.

होडी डगमगते कशाने? गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करावा. पाण्याने भरलेल्या घमेल्यात साबणाची डबी तरंगत ठेवा आणि तिच्यात चार गोट्या टाका. डबी जरा कलली की गोट्या त्याच बाजूला धावतात आणि डबीला आणखी कलवतात. आता त्याच गोट्या ओल्या मातीत मधोमध बसवा. डबी कलेल, पण सावरेल. म्हणून जड सामान तळाशी, मधोमध ठेवावे आणि हलणार नाही असे बांधावे. दोरीची लोंबती टोके व सैल फास ठेवू नयेत. जनावराचा पाय त्यातच अडकतो. आणि गाठ कोणती? निरगाठ नव्हे, सुरगाठ. एक हिसका दिला की सुटली पाहिजे; भिजलेली निरगाठ दातांनीही सुटत नाही.

आता मुका सोबती. त्याला मात्र होडीला कधीही बांधू नये. शेळीचे पाय बांधून तिला तळाशी टाकण्याची रीत सोयीची वाटते. पण होडी उलटली तर पोहू शकणारे जनावरही होडीबरोबर खाली जाते. आषाढीत तुकोबारायांच्या पालखीभोवती काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते, ते आठवा. त्या मेंढ्यांना कोणी दावे लावलेले नसते. सवयीने त्या धावतात. तशीच सवय होडीचीही लावता येते. आधी काठाला लावलेल्या होडीत जनावराला चढवा, थोडा वेळ थांबवा, उतरवा. खुर घसरू नयेत म्हणून खाली गोणपाट अंथरा. प्रवासात एका माणसाने ते मधोमध धरून बसावे; दोरी हातात असावी, पण मनगटाला गुंडाळलेली नसावी.

कयाक नावाची अरुंद वल्ह्याची होडी तुम्ही चित्रात पाहिली असेल. ती मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. शिकारी तीत एकटा बसे आणि हत्यारे वरच्या चामडी पट्ट्यांखाली अडकवी. बायकामुले, कुत्री आणि संसार न्यायला त्यांची उमियाक ही वेगळी, रुंद होडी असे. आज हौशी माणसे कयाकमध्ये कुत्र्याला घेतात. जाणते लोक त्याला पाठीवर मूठ असलेले तरंगते जाकीट घालतात, म्हणजे पाण्यात पडला तर उचलता येतो. आणि होडीला बांधू नका, असेच सांगतात. बघा, ध्रुवाकडची होडी असो की भीमेवरची, नियम एकच.

अर्थात जाकीट आधी माणसांना, त्यातही मुलांना. आणि वैशाखात दुपारनंतर ढग भरून आले, वारा सुटला, तर कितीही चांगले बांधलेले असले तरी होडी सोडू नये. वळीव काही गाठ बघून येत नाही. वळसा घालून गेलेला माणूस उशिरा का होईना, घरी पोहोचतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या शनिवारी मुलांच्या हाती सुतळी द्या. सुरगाठ घालायला त्यांना पाच मिनिटे लागतील. ती डोळे मिटून सोडता येईपर्यंत त्यांच्याकडून करून घ्या.